प्रश्नांची वही अभ्यासक्रमात आणा : सोलापुरातील जनसंवाद आणि समाजकार्याच्या अध्यापकांस खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील पत्रकारिता, जनसंवाद आणि समाजकार्य या विषयांचे सर्व अध्यापक

विषय : शांतता मोहिमेतील लोकसंपर्क व जनमाहितीच्या कामाचे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांना देण्याबाबत

सन्माननीय अध्यापकहो,

सविनय नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदानमधील शांतता मोहिमेत लोकसंपर्क आणि जनमाहितीचे काम करून मी सोलापुरात परतले, तेव्हापासून आपले विद्यार्थी अधूनमधून मला भेटायला येतात. अर्ज कुठे करायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तिथे नेमके काय काम असते, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकांनी मनाशी आधीच ठरवलेले असते : निळ्या टोपीतला शांतिसेनेचा जवान शाळेला बाके देत असताना छायाचित्र काढायचे, बातमीपत्र लिहायचे, समाजमाध्यमांवर टाकायचे, बडा पाहुणा आला की पत्रकार परिषदेची व्यवस्था पाहायची. यातले काहीच खोटे नाही आणि हे सगळे मीही केलेले आहे. तरीही एवढ्यालाच जनमाहिती समजणारी मुले त्या कामाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात. ही समजूत त्यांनी वर्गातून उचललेली असल्यामुळे हे पत्र मी त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शांतता मोहिमेतील जनमाहिती हा लोकांच्या संरक्षणाचाच एक भाग आहे, कारण कोणत्या वाटेने जायचे, कोणाच्या आसऱ्याला थांबायचे आणि कोणाच्या शब्दावर विसंबायचे, हे लोक हाती असलेल्या माहितीवरून ठरवतात आणि ती चुकीची निघाली तर त्याची किंमत जिवाने मोजली जाते. हे काम ज्याला आधी ऐकता येते, लोकांच्या बोलीत विचारता येते आणि विचारलेल्याचे उत्तर, ते नकाराचे असले तरी, परत नेऊन देता येते, त्यालाच जमते. हे कौशल्य आपल्याकडे शिकवले जात नाही. ते शिकवायला सोलापूरइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल.

या कामाला मोठा इतिहास आहे आणि तो वर्गात सांगण्यासारखा आहे. कंबोडियात १९९२–९३ साली संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक घेण्याची जबाबदारी घेतली, तेव्हा ख्मेर रूज या सशस्त्र कम्युनिस्ट गटाने निवडणुकीवर बहिष्कार टाकलेला होता, खेड्यापाड्यांत धमक्या चालू होत्या, मतदारांची नोंदणीपत्रे हिसकावून घेतली जात होती आणि आपण कोणाला मत दिले हे कुठल्यातरी यंत्राने कळते, अशी वावडी सर्वदूर पसरलेली होती. मोहिमेने नोव्हेंबर १९९२ मध्ये स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. ख्मेर भाषेत, दिवसातले अनेक तास, सर्व पक्षांना बोलायला जागा देत, त्या केंद्राने एकच गोष्ट नाना तऱ्हांनी सांगितली : मत गुप्त राहते. जपानमधून गोळा करून पाठवलेले रेडिओ संच गावोगाव वाटण्यात आले. श्रोत्यांची पत्रे येत आणि त्यांना कार्यक्रमातून उत्तरे दिली जात. मे १९९३ मध्ये मतदान झाले, तेव्हा नोंदणी झालेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक केंद्रांवर आले. केवळ रेडिओमुळे हे झाले, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. पण तो नसता तर ती वावडी खोडून काढणारा दुसरा आवाज देशभर पोहोचला नसता, हे त्या मोहिमेचा अभ्यास केलेल्या बहुतेकांना मान्य आहे.

त्यानंतर वर्षभरातच रवांडात उलटे चित्र दिसले. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र १९९३ पासून तुत्सी समाजाविरुद्ध विष ओकत होते आणि एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर ते नावे आणि ठिकाणे सांगून मारेकऱ्यांना वाट दाखवू लागले. संयुक्त राष्ट्रांची मोहीम देशात होती, पण त्या भयंकर आठवड्यांत तिच्याकडे लोकांशी बोलायला स्वतःचे रेडिओ केंद्र नव्हते. मोहिमेचे सेनापती रोमिओ दलेर यांनी पुढे या उणिवेबद्दल वारंवार खंत व्यक्त केली. त्या केंद्राच्या चालकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये दोषी ठरवले. तोवर सुमारे ८,००,००० माणसे जाऊन जवळपास दहा वर्षे उलटलेली होती. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या लखदर ब्राहिमी यांच्या समितीने २००० साली शांतता मोहिमांच्या सुधारणेचा जो अहवाल दिला, त्यात जनमाहितीची यंत्रणा ही जवळजवळ प्रत्येक मोहिमेची कामकाजी गरज असल्याचे स्पष्टपणे नोंदवले आहे. पुढे काँगोत २००२ साली रेडिओ ओकापी आणि सुदानमध्ये २००६ साली रेडिओ मिराया सुरू झाले. ओकापीवर फ्रेंचखेरीज लिंगाला, स्वाहिली, चिलुबा आणि किकोंगो या भाषांत बातम्या लागतात.

आता माझ्या प्रत्यक्ष कामाविषयी. मी मलाकाल येथे होते. पांढऱ्या नाईलच्या काठचे हे शहर गृहयुद्धात अनेकदा या हातातून त्या हातात गेले आणि उद्ध्वस्त झाले. डिसेंबर २०१३ मध्ये लढाई पेटली तेव्हा जीव वाचवण्यासाठी लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावले आणि मोहिमेने फाटके उघडली. पुढे देशभरातल्या अशा तळांलगतच्या संरक्षित वस्त्यांत आसरा घेतलेल्यांची संख्या २,००,००० च्या वर गेली. मलाकालच्या वस्तीत शिल्लुक, नुएर आणि दिंका अशा तिन्ही समाजांची माणसे होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे हल्ला झाला, माणसे मेली, वस्तीचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर कुंपणाच्या आतदेखील कोण कोणाशेजारी राहणार, हा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत राहिला. मी पोहोचले ती या सगळ्यानंतर. तिथले लोक बाहेरून आलेल्याचे शब्द फार तोलून-मापून घेत.

२०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्याच जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेकडे पैसा कमी पडला आणि दक्षिण सुदानमधील विस्थापितांचा शिधा पूर्ण शिध्याच्या निम्म्यावर आला. शांतिसेनेचा शिध्याशी संबंध नाही. ती संस्था वेगळी, तिचा निधी वेगळा, तिची माणसे वेगळी. पण ताडपत्रीच्या मांडवाखाली झालेल्या बैठकीत पाण्याच्या पिवळ्या कॅनवर बसलेल्या एका वयस्क शिल्लुक बाईंनी मला सरळ विचारले, की दोन्ही गाड्या पांढऱ्याच आहेत आणि दोन्हींवर अक्षरेही तीच आहेत, मग शिधा तुमचा नाही असे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता? त्यांचा प्रश्न शिल्लुकमधून अरबीत आणि अरबीतून इंग्रजीत येऊन माझ्यापर्यंत पोहोचला आणि तोवर मांडवातल्या सगळ्या बायका माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. अशा वेळी संस्थांची रचना समजावून सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण ऐकणाऱ्याला ते हात झटकणे वाटते आणि तसे वाटण्यात त्याची काही चूक नसते.

त्या वेळी आमच्या हाती जे साधन होते, त्याच्याविषयीच हे सगळे पत्र आहे. ते साधन म्हणजे एक साधी रेघांची वही. बैठकीत विचारलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात विचारणाऱ्याच्या शब्दांत उतरवायचा. विचारणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, कारण वही उद्या कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. बाई की पुरुष, वस्तीच्या कोणत्या भागातली, साधारण वय काय, एवढेच लिहायचे. पुढच्या रकान्यात उत्तर कोणाकडून आणायचे ते आणि त्यापुढे ते कधीपर्यंत आणून देण्याचा शब्द दिला ती तारीख. पुढची बैठक नव्या घोषणेने सुरू करायची नाही, मागच्या प्रश्नांच्या उत्तरांनी करायची. ज्यांची उत्तरे मिळाली नाहीत, ते प्रश्नही वाचून दाखवायचे आणि मिळाले नाही असे सांगायचे. शिध्याच्या प्रश्नाबाबत आम्ही अन्न कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यालाच पुढच्या बैठकीत घेऊन गेलो. त्याने किती कपात आहे, का आहे आणि ती कधी उठेल हे त्यालाही ठाऊक नाही, असे तोंडावर सांगितले. शिधा वाढला नाही आणि राग कमी झाला असेही नाही. मात्र शांतिसेनेचे लोक धान्य विकून खातात, ही जी कुजबुज त्या आठवड्यांत वस्तीभर चालू होती, ती त्या दिवसानंतर मला ऐकू आली नाही.

कोणतेही पाठ्यपुस्तक मला या वहीइतके उपयोगी पडलेले नाही. वहीमुळे कळते की मुख्यालयाला जे सांगायचे आहे आणि लोकांना जे जाणून घ्यायचे आहे, त्यांत केवढी दरी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मोहिमेने संरक्षित वस्त्यांचे रूपांतर सरकारच्या अखत्यारीतील साध्या छावण्यांत करण्याचे जाहीर केले. बोर आणि वाऊ येथून सुरुवात झाली, मलाकाल मागे राहिले. वरून आलेल्या मजकुरात परिस्थिती सुधारल्याचे, पोलीस प्रशिक्षणाचे आणि संयुक्त गस्तीचे तपशील होते. वहीत पानोपानी एकच प्रश्न होता : तुम्ही कधी जाणार? त्याला तारीख नव्हती. “ठरलेले नाही, आणि ठरले की तुम्हाला आधी सांगू, शेजारच्या गावाकडून ऐकायची वेळ येऊ देणार नाही,” एवढेच आम्ही म्हणू शकत होतो आणि तेवढे म्हणण्याची परवानगी वरिष्ठांकडून मिळवणे हेच त्या महिन्यातले माझे सर्वात महत्त्वाचे काम होते.

इथे मला आपले लक्ष एका कठीण बाबीकडे वेधायचे आहे. सुरक्षा परिषदेचा ठराव मोहिमेला नागरिकांच्या संरक्षणाचे काम देतो, पण ते तिच्या क्षमतेच्या आणि तैनातीच्या मर्यादेत. १९९९ साली सिएरा लिओनच्या मोहिमेपासून ही भाषा ठरावांत आली. निळी टोपी पाहिलेल्या माणसाला या मर्यादेची कल्पना नसते. तो धरून चालतो की हे आले म्हणजे आपण सुटलो. १७ एप्रिल २०१४ रोजी बोर येथे निवेदन देण्याच्या बहाण्याने आलेल्या सशस्त्र जमावाने तळात घुसून आसऱ्याला आलेल्या ४० हून अधिक लोकांना ठार केले. तळावर सैनिक होते, त्यांनी गोळीबार करून जमाव परतवला, तरी हे घडले. म्हणून आपण काय करू शकत नाही, हे शांत काळातच, वारंवार आणि स्पष्टपणे सांगणे हे जनमाहितीचे कर्तव्य आहे : गस्त कोणत्या रस्त्यापर्यंत जाते, रात्री जाते की नाही, सरपणाला जायचे तर कोणत्या दिवशी जवान सोबत असतील. जाहिरातीच्या शिकवणीत वाढलेल्या मुलाला उणी बाजू आपण होऊन सांगणे हा कामातला दोष वाटतो. या कामात तेच सांगायचे असते.

तीच गोष्ट आपल्याच माणसांविरुद्धच्या तक्रारीची. शांतिसैनिकांनी स्थानिक बायका-मुलींचे लैंगिक शोषण केल्याची प्रकरणे अनेक मोहिमांत घडलेली आहेत आणि २००३ साली महासचिवांनी त्यास बंदी करणारा सविस्तर आदेश काढला. तो आदेश वस्तीपर्यंत पोहोचवायचा असतो तो आमच्यासारख्यांनीच. तक्रार कोठे करायची, ती गुप्त कशी राहील, तक्रार केल्याने शिधा किंवा आसरा तुटणार नाही, हे बायकांना बायकांनी, पुरुष दुभाषा बाजूला ठेवून सांगायचे असते. हैतीचे उदाहरणही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे पटकी (कॉलरा) पसरली, ती शांतिसेनेच्या तळातून नदीत गेलेल्या मैल्यामुळे. जवळपास १०,००० माणसे दगावली. संस्थेने वर्षानुवर्षे जबाबदारी टाळली आणि महासचिव बान की-मून यांनी लोकांची माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. त्या सहा वर्षांत हैतीमध्ये हात धुण्याचे आवाहन करणाऱ्या प्रत्येक माहिती कर्मचाऱ्याला कोणत्या नजरांना तोंड द्यावे लागले असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. जे घडले ते कबूल न करणाऱ्या संस्थेचे चांगले सल्लेही लोक घेत नाहीत.

भारताचा या कामाशी जवळचा संबंध आहे. आजवर २,५०,००० हून अधिक भारतीय जवान आणि पोलीस या मोहिमांवर गेले आणि सुमारे १८० परत आले नाहीत. २००७ साली लायबेरियात गेलेली महिला पोलिसांची पहिली संपूर्ण तुकडी आपलीच होती. जुलै २०२२ मध्ये पूर्व काँगोत मोहिमेविरुद्ध उसळलेल्या आंदोलनात बुटेम्बो येथील तळावर जमाव चालून आला, तेव्हा सीमा सुरक्षा दलाचे दोन भारतीय जवान आणि मोरोक्कोचा एक शांतिसैनिक मारला गेला. आंदोलकांपैकीही कित्येक जण मेले. त्या संतापाला खोट्या बातम्यांनी आणि राजकीय भाषणांनी खतपाणी घातले होते, हे खरे आहे. पण एवढे सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतकी वर्षे इतके सैनिक असूनही गावे जळतच आहेत, हा लोकांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. अफवा अनुभवाच्या ओल्या जमिनीत रुजते. नुसती खंडने प्रसिद्ध करून ती उपटता येत नाही. लोकांचा प्रश्न काय होता आणि तो कधीपासून अनुत्तरित पडला होता, हे शोधावे लागते आणि तिथे पुन्हा वहीच लागते.

दुभाषांविषयी थोडे लिहिते, कारण आपल्या अभ्यासक्रमांत त्यांचा उल्लेख मला कुठेही आढळला नाही. मोहिमेत स्थानिक भाषा-साहाय्यक हा सर्वात मोलाचा आणि सर्वात धोक्यातला माणूस असतो. तो एका समाजाचा असतो आणि दुसऱ्या समाजाच्या बैठकीत त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. तो जे शब्द उच्चारतो ते माझे असतात, पण राग त्याच्यावर निघतो. मी विमानात बसून निघून येते, तो तिथेच राहतो. त्याला बैठकीआधी सगळा मजकूर समजावून देणे, अडचणीचे वाटेल ते वाक्य बदलण्याचा अधिकार देणे आणि काही बैठकांना मुद्दाम न नेणे, ही शिष्टाचाराची बाब नाही. त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. पावसाळ्यात तर सगळी मदार त्याच्यावरच. तिकडची माती काळी, चिकण. मंगळवेढ्याची काळी जमीन भर पावसात ज्यांनी तुडवली आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. गाड्या रुतून बसतात, विमानाची धावपट्टी बंद पडते, बैठका आठवडेच्या आठवडे होत नाहीत आणि त्या रिकाम्या आठवड्यांत कानोकानी काय फिरते आहे, हे वस्तीत राहणाऱ्या त्या साहाय्यकालाच ठाऊक असते.

आता सोलापूरकडे येते. मी हे काम मलाकालला जाऊन शिकले असे लोक समजतात, पण त्याची सुरुवात पूर्व भागात झाली. विडी कामगार महिलांच्या आरोग्याच्या कामात मी होते. तेलुगू मला शेजारपाजारच्या बायकांनी शिकवली. त्या वेळी एका कार्यालयाने विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे पत्रक काढले. ते अस्सल कार्यालयीन मराठीत होते. अशोक चौकाच्या मागच्या एका खोलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या चार बायकांनी ते पत्रक शाळेत जाणाऱ्या मुलीकडे वाचायला दिले. मुलीने “सदरहू योजनेंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी” एवढे वाचले आणि ती थांबली. तिला मराठी वाचता येत होते, पण हे मराठी येत नव्हते. बायकांनी आपसांत तेलुगूत काय ठरवले, तर योजना बंद झाली असावी. त्या गल्लीतून मुदतीत एकही अर्ज गेला नाही आणि पुढे त्याच कार्यालयातून, या बायकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वा नाही, असे ऐकावे लागले. पत्रक छापले होते, वाटले होते आणि वाटल्याची नोंदही झाली होती. कमतरता एवढीच होती की वाटल्यानंतर कोणी विचारायला गेले नाही.

पूर्व भागात तेलुगू, बाळीवेस आणि तिच्या आजूबाजूला कन्नड, विजापूर वेशीकडे उर्दू, सगळीकडे मराठी, आणि जत्रा-यात्रांच्या दिवसांत या सगळ्या एका रस्त्यावर. असे गाव हाताशी असताना आपण आपल्या विद्यार्थ्यांकडून एकाच भाषेत बातमीपत्रे लिहून घेतो आणि क्षेत्रकार्यात त्यांना सर्वेक्षणाचे छापील अर्ज भरायला लावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. याच गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथल्या सैनिकांवर, गावकऱ्यांवर उपचार करता करता चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शस्त्रक्रियांइतकेच तिथल्या लोकांना त्यांचे ते बोलणे लक्षात राहिले. आपण त्यांची जयंती साजरी करतो, पुतळ्याला हार घालतो. परक्या माणसांत जाऊन त्यांची भाषा उचलणे हा त्यांच्या आयुष्यातला जो शिकण्यासारखा भाग आहे, तो आपल्या वर्गांत यावा, अशी माझी इच्छा आहे.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही आणि त्यासाठी नवा विषय मंजूर करून घेण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही, कारण समाजकार्याला क्षेत्रकार्य आहेच आणि जनसंवादाला प्रकल्प असतो. या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीला, जिथली भाषा तिच्यापैकी एकाची तरी नाही, अशी एक वस्ती सत्रभरासाठी द्यावी. पहिला महिना त्यांनी काहीही लिहून प्रसिद्ध करू नये, छायाचित्र काढू नये, फक्त वही भरावी. पाण्याची वेळ, शिधापत्रिकेतले नाव, ओळखपत्र, दवाखान्यातली रांग, जे विचारले जाईल ते लोकांच्या शब्दांत उतरावे, संबंधित कार्यालयात जाऊन उत्तर आणावे आणि त्याच दारात, त्याच भाषेत परत सांगावे. नकार मिळाला तर नकार सांगावा. सत्राच्या शेवटी गुण द्यायचे ते भित्तिपत्रकांच्या सुबकपणाला देऊ नयेत. किती प्रश्नांची उत्तरे परत पोहोचली आणि दुसऱ्या भेटीत लोकांनी आधीपेक्षा अवघड प्रश्न विचारले की नाही, हे पाहून द्यावेत. विश्वास वाढला की प्रश्न अवघड होतात, हे मी मलाकालमध्येही पाहिले आणि त्याआधी विडी कामगारांच्या घरांतही.

त्याच सत्रात एक अफवाही अभ्यासाला घ्यावी. व्हॉट्सॲपवर गल्लीत फिरलेली एखादी खोटी गोष्ट निवडून ती प्रथम कोणी सांगितली याच्या मागे लागण्यापेक्षा ती पटली कोणाला आणि का, हे विद्यार्थ्यांनी घरोघर बसून समजून घ्यावे. लहान मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने २०१८ साली धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांचे प्राण घेतले. ते भिक्षेवर पोट भरणाऱ्या भटक्या समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक जण आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले होते. ज्या जिल्ह्याने अफवेची ही किंमत मोजली आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना अफवा कशी चालते, हे परदेशी उदाहरणांवरून शिकवावे लागू नये.

नोकरीविषयीही मी विद्यार्थ्यांना खरे तेच सांगते आणि आपणही सांगावे. मोहिमा कमी होत आहेत. मालीतली मोहीम २०२३ च्या अखेरीस गुंडाळली गेली, काँगोतून टप्प्याटप्प्याने माघार सुरू झाली आणि पैशांची टंचाई सगळीकडे आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक किंवा काँगोत काम करायचे तर फ्रेंच लागते, दक्षिण सुदानमध्ये थोडी अरबी उपयोगी पडते आणि नुसत्या पदवीवर कोणी घेत नाही, आधीचा क्षेत्रातला अनुभव विचारतात. आपल्या वर्गातून वर्षाला एखादी मुलगीसुद्धा तिथवर जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण जी शिकेल ती जिल्हा परिषदेत, पाणीपुरवठ्यात, आरोग्य केंद्रात, आपत्ती व्यवस्थापनात, वारीच्या दिवसांत पंढरपुरात उपयोगी पडेल, कारण त्या सगळ्या ठिकाणी घोषणा करणारे पुष्कळ आहेत आणि उत्तर घेऊन परत येणारे फार थोडे.

क्षेत्रकार्याच्या वस्त्यांची यादी जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना ठरते. ती ठरण्याआधी दोन्ही शाखांच्या अध्यापकांची एक बैठक घ्यावी, अशी माझी विनंती आहे. वहीचा नमुना मी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत तयार केला आहे. तो कोणत्याही महाविद्यालयाने विनामूल्य वापरावा. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांसोबत वस्त्यांत फिरायला मी येईन, त्यासाठी मानधन नको. बैठकीला पूर्व भागातल्या दोन विडी कामगार बायकांनाही बोलवावे आणि आपण किंवा मी काही बोलण्याआधी त्यांना बोलू द्यावे. त्यांची एक दिवसाची मजुरी बुडेल, तेवढी मात्र महाविद्यालयाने द्यावी.

आपली विश्वासू,
शांतता मोहिमेतील एक माजी जनमाहिती कार्यकर्ती
सोलापूर